पाच मिनिटांचा अबोला

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

पाकिटावर माझं अक्षर बघून हुरळून जाऊ नकोस. आपला अबोला मोडलेला नाही. ही चिठ्ठी आहे. बाबांचा नियम तुला आठवत असेलच. घरात कुणी कुणाशी कितीही अबोला धरावा, पण दातांच्या लॅबचं काम अडता कामा नये. अडलं तर चिठ्ठी लिहावी. चिठ्ठी म्हणजे बोलणं नव्हे. लहानपणी आपण दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना फुगून बसायचो, आणि मधल्या प्लास्टरच्या घमेल्याखालून चिठ्ठ्या सरकवायचो. आता मध्ये समुद्र आहे म्हणून तिकीट लावावं लागतं, एवढाच फरक.

तर काम अडलंय. मागच्या महिन्यात माझा फोन प्लास्टरच्या बादलीत पडला. कसा पडला ते विचारू नकोस. साचे ओतायचं काम आणि दातांना रंग द्यायचं काम एकाच वेळी एकाच माणसाने केलं की असं होतं, एवढंच सांगते. बाकी माझं छान चाललंय. तू गेल्याने इथे काहीही अडलेलं नाही. फोन धुतला, पुसला, उन्हात वाळवला. सुरू झाला खरा, पण त्याच्या पडद्यावर आता सगळं जग पिवळं दिसतं. कावीळ झाल्यासारखं.

तू याच धंद्यातला, तेव्हा पुढचं सांगायला नको, तरी सांगते. डॉक्टरीणबाई पेशंटच्या दातांचा फोटो पाठवतात, मी तो फोनवर बघून छटा ठरवते आणि कॅप बनवते. या वेळी एका गाण्याच्या बाईंचा पुढचा दात होता. फोटोत मला त्यांचे सगळेच दात जन्मभर चहावर जगल्यासारखे दिसले, म्हणून मीही तसाच दात बनवला. बसवल्यावर कळलं, बाईंचे दात पांढरेस्वच्छ. आता बाई गायला तोंड उघडतात आणि सगळा वर्ग सूर सोडून त्या एका दाताकडे बघत बसतो. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत, उलट बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी काय ते समजले. म्हणाल्या, "तुमच्या हाताला तोड नाही हो. पण असं अजून एकदा झालं, तर मला शहरातल्या मोठ्या लॅबला काम द्यावं लागेल." त्यांचं काम गेलं तर लॅबचं शटर ओढायचं आणि आईबरोबर टीव्ही बघत बसायचं. मला टीव्ही बघता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मला नुसते लोकांचे दात दिसतात.

आई म्हणाली, तुमच्या तिकडच्या मोठ्या लॅबमध्ये एक फोन वापरतात, त्यावर रंग अगदी खरे दिसतात, आणि तो आपल्याकडे विकायलाच येत नाही. मला तो हवाय. आधी मी आईकडेच निरोप दिला होता, "त्याला म्हणावं, रंग खरे दिसणारा फोन पाठव." रविवारी आईने तुला काय सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. "ताईला रंगीत फोन हवाय. शक्यतो गुलाबी." म्हणून मग कागद घेतला.

गुलाबी नको.

अबोल्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की एके दिवशी न्हावी त्याच्या वडिलांची कवळी दुरुस्तीला घेऊन आला आणि मला म्हणाला, "मग? बारक्या परदेशी गेल्यावर साचे कोण ओतणार?" सख्खा भाऊ देश सोडून निघालाय, हे बहिणीला न्हाव्याकडून कळावं! मी ती कवळी त्याच्याच हातात परत दिली आणि आत निघून गेले. त्याला आता तीन वर्षं होतील. त्या बहिणीने आधी बोलावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. ज्याने तोंड उघडायचं तेव्हा उघडलं नाही, त्याने आता उघडावं.

तुझ्याशी न बोलणारी,
ताई


१ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद अजून राखीवच, पण कपाटातून काढून टेबलावर ठेवलेत.

चिठ्ठी पोचली. चार पानांची असते का रे चिठ्ठी? आणि त्यातली साडेतीन पानं न्हाव्यावर!

म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुला आधी मलाच सांगायचं होतं. पण माझ्यासमोर आलास की तोंडातून शब्द फुटायचा नाही. म्हणून तू दाढी करायला बसलास की आरशात बघून तालीम करायचास. "ताई, मला तिकडे नोकरी लागलीय. ताई, रागावू नकोस. ताई, आधी खाली बस." अरे शहाण्या, तालीम करायला दुसरी जागा मिळाली नाही? न्हाव्याच्या खुर्चीत? तिथे नुसतं खाकरलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं. आणि तो तुला सुचवत होता म्हणे, की "खाली बस" आधी म्हणा, नोकरीचं नंतर! वाचून मला हसू आलं, हे मान्य करते. आई आत होती, ती धावत बाहेर आली, की ही एकटीच का हसतेय. मी म्हटलं, दात मोजतेय.

पण शेवटी लिहिलंस, "आता तरी फोनवर बोल." का म्हणून? तू कर की फोन. "मी केला तर तू उचलणार नाहीस," म्हणतोस. बरोबर आहे, नाही उचलणार. उचलला की "हॅलो" म्हणावं लागतं, आणि मग मी आधी बोलले असं होतं. एवढी दूधखुळी नाही मी.

असो. कामाचं बोलू. लिहू.

फोन घेतलास, आणि तुझा तो उंच मित्र रजेवर येतोय त्याच्याबरोबर पाठवतोयस, हे समजलं. रंग करडा, हेही समजलं. आईला वाईट वाटलं. तुझं एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. "डबा मी उघडलेला नाही. सील तूच फोड." लहानपणी माझी एक नवी वस्तू कधी माझ्या हातून उघडली नाही. कंपासपेटी, चपलांचा खोका, वाढदिवसाची भेट, सगळं आधी तू फाडून बघायचास. रंगांच्या पेटीच्या वेळी मी तुझ्या दंडाला कडकडून चावले होते. बाबांनी तो वळ नीट उजेडात धरून बघितला होता आणि म्हणाले होते, "पोरीचा चावा सरळ आहे." तुला औषध लावायचं त्यांना नंतर आठवलं.

तेव्हा यंदा तू डब्याला हात लावला नाहीस, म्हणजे परदेशात थोडी अक्कल मिळते असं दिसतं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

तोपर्यंत मी दर कॅपला दवाखान्यात स्वतः जाते आणि पेशंटचा दात डोळ्यांनी बघून येते. बसने जायचं, खिडकीशी उजेडात पेशंटला उभं करायचं, छटांची पट्टी दाताला लावायची, परत यायचं. तोवर इकडे प्लास्टर घट्ट होऊन बसतं. पण छान चाललंय.

(अजूनही) न बोलणारी,
ताई


२४ मार्च

बारक्या,

मायन्याला जागा नाही, राग फार आहे. तुझ्यावर नाही. म्हणजे तुझ्यावरच, पण वेगळा.

तुझा उंच मित्र काल आला. दारातून वाकून आत आला तरी चौकटीला डोकं आपटलंच. डबा दिला. मी त्याला तुझ्याबद्दल काहीही विचारलं नाही. फक्त इतकंच विचारलं, की तू बारीक झालायस का, घर उबदार आहे का, साच्यांची खोली हवेशीर आहे की तिथेही धूळ नाकात जाते, खोकला आहे का, रविवारी काय करतोस, आणि कुणी येतं-जातं का तुझ्याकडे. तो प्रत्येक गोष्टीला "मजेत आहे हो तो, एकदम मजेत" म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की मला ते पटलं नाही. म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. आई म्हणते, "तू त्या बिचाऱ्याला चहासुद्धा गिळू दिला नाहीस." आईला कशाचाही बाऊ करायची सवय आहे.

मग डबा उघडायचा समारंभ झाला. मी हात धुतले. आईने चष्मा पुसला. नखाने सील फोडलं, हळूच, कागद न फाटता. तसं फोडायचं असतं, बघून ठेव. आणि फोन काय सुंदर आहे रे! मी छटांची पट्टी समोर धरून फोटो काढला आणि पट्टी पडद्याशेजारी लावली. तोच रंग. अगदी तोच. मी आईच्या दाताचा फोटो काढला, माझ्या दाताचा काढला, भिंतीचा काढला. जिवात जीव आला.

मग आपलं सिम घातलं, आणि पडद्यावर कसल्याशा परक्या लिपीत एक ओळ आली. सिम काढलं, पुसलं, परत घातलं. तीच ओळ. आईचं सिम घालून बघितलं. तीच ओळ. आई म्हणाली, "त्याला आपली भाषा कळत नसेल." मी चौकातल्या मोबाईलवाल्याकडे गेले.

त्याने डबा उलटापालटा करून मागचा चिकटवलेला कागद वाचला आणि विचारलं, "ताई, हा अगदी सीलबंद आला का हो?"

मी ताठ मानेने म्हटलं, "अर्थात. माझ्या भावाने हातसुद्धा लावला नाही."

"तिथेच घोळ झाला," तो म्हणाला. "ही जात अशी असते, की जिथे घेतला तिथल्या सिमवर आधी एक फोन करायचा. सलग पाच मिनिटं बोलायचं. एकदा तेवढं झालं, की मग जगात कुठलंही सिम चालतं. लोक दुकानातून बाहेर पडतानाच डबा फोडतात आणि बायकोला फोन लावतात. तुमच्या भावाने फार जपून आणला बघा."

मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर तू माझ्या वस्तू आधी उघडल्यास. एकदा, फक्त एकदा उघडायला हवी होतीस, आणि नेमका त्याच वेळी सभ्य झालास! आता तुला चावायचं तर एवढा लांब हात, म्हणजे दात, कुठून आणू?

आणि ऐक, हसण्यावारी नेऊ नकोस. परवा घाईत एक दाढेची कॅप थोडी करडी झाली. डॉक्टरीणबाईंच्या लक्षात यायच्या आत मी ती परत बनवली. पण बसमध्ये दिवस, प्लास्टरमध्ये दिवस, असं फार दिवस निभणार नाही. या फोनवर सिम चाललं आणि डॉक्टरीणबाईंचे फोटो नीट दिसले, तर घरबसल्या होईल. तेव्हा काहीतरी मार्ग काढ.

आशीर्वाद वगैरे काही नाही,
ताई


२० एप्रिल

चि. बारक्यास,

आशीर्वाद. (उसने. तुझ्याकडे ठेवायचे की परत घ्यायचे ते शेवटी ठरवीन.)

तुझं तिकडचं जुनं सिम मिळालं. कागदात गुंडाळून, तो कागद पुठ्ठ्यात चिकटवून, पुठ्ठा पुन्हा पाकिटात. साचा पाठवताना बाबा बांधायचे तसंच बांधलंयस. इथे आल्यावरही ते चालतं आणि तू त्यात पैसे भरलेत, हे मोबाईलवाल्याने तपासून सांगितलं. पण इथून त्यावर बोलायचं म्हणजे पैसे असे उडतात, की जपून करा, असंही म्हणाला. फुकटच्या चौकशीच्या नंबरावर केलेला फोन धरत नाहीत, तेव्हा ती पळवाट बंद.

मी ताबडतोब डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हटलं, पाच मिनिटं दातांवरच बोलू. त्या म्हणाल्या, "माझा हात पेशंटच्या तोंडात आहे," आणि ठेवला. त्या नेहमी खरंच बोलतात.

मग आईला लावला. आई शेजारच्या खोलीत होती. तिने तिचा बटणांचा फोन उचलला, नंबर बघितला आणि किंचाळली, "बारक्या! आज रविवार नाही, काय झालं?" मी म्हटलं, "आई, मी आहे." ती म्हणाली, "तू तिकडे कधी गेलीस?" मी समजावून सांगितलं, की नुसतं पाच मिनिटं काहीही बोलत राहा. जिला एरवी थांब म्हणावं लागतं, त्या माझ्या आईला एक वाक्य सुचेना. "काय बोलू? तू इथेच तर आहेस. पैसे जातायत. ठेव, ठेव," म्हणून तिने तो ठेवलाही. मग तिने दार उघडून तेच सगळं मला तोंडी, फुकटात, अर्धा तास ऐकवलं.

आता त्या सिममध्ये एकाच फोनापुरते पैसे उरलेत. तू लिहिलंस, "तो एक फोन मला कर. आपल्याला पाच मिनिटं पुरणार नाहीत." गोड बोलायला पहिल्यापासून हुशार आहेस. पण मी फोन केला, म्हणजे मी आधी बोलले. आणि मी आधी बोलले, म्हणजे तू न सांगता गेलास ते बरोबर होतं, असं झालं. ते बरोबर नव्हतं बारक्या. मी अडवलं नसतं तुला. मी ओरडले असते, रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तुझी बॅग मीच भरली असती. माझी ती बॅग भरायची राहिली. तेवढंच मला खुपतं. एवढी वर्षं खुपतं. हे फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहिलं. यावर उत्तर नको.

तर मी तोडगा काढलाय. नीट वाच.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, तुझी आईला फोन करायची जी वेळ असते त्या वेळेला, मी तुला फोन करीन. तू उचलायचास, पण "हॅलो" म्हणायचं नाही. मीही काही म्हणणार नाही. दोघांनी पाच मिनिटं फोन चालू ठेवून आपापलं काम करायचं. फोनला काय, तार जुळलेली असली की झालं, आत कुणी बोलतंय का ते तो थोडाच ऐकतो. असा फोन होईल आणि अबोलाही राहील. बाबा असते तर या तोडग्याला त्यांनी मान डोलावली असती.

मी पॉलिशचं मशीन चालू ठेवीन, म्हणजे चुकून तोंडातून काही निघालं तरी ऐकू जायला नको.

आशीर्वाद ठेव. परत देऊ नकोस.

ताई


१५ मे

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. साचलेले सगळे एकदम पाठवतेय, जड वाटले तर थोडे थोडे घे.

गेल्या रविवारपासून आपण रोज बोलतोय, तेव्हा पत्र कशाला, असं तुला वाटेल. दोन कारणं आहेत. एक म्हणजे आई सगळीकडे सांगत सुटलीय, की ताईनेच आधी तोंड उघडलं. तिला ते तू सांगितलंस. हे मला लेखी खोडून काढायचं आहे. दुसरं कारण शेवटी सांगते.

आधी कामाचं. गाण्याच्या बाईंना मे महिन्याच्या सुट्टीत वेळ मिळाला, तेव्हा त्यांचा दात नवा केला. फोटो नव्या फोनवर बघितला, छटा घरबसल्या ठरवली, दवाखान्यात गेले नाही. बाई बसवून घेऊन आरशात बघत राहिल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "यातला नवा कुठला?" डॉक्टरीणबाईंनी तिथूनच मला फोन केला आणि तीन नवी कामं सांगितली. हात पेशंटच्या तोंडात नव्हता, तरी एका मिनिटात ठेवला. मला नाचावंसं वाटलं. साचे ओतायला अजून माणूस हवाय, हे मात्र या पत्रात मी कबूल करते. छान वगैरे काही चाललं नव्हतं.

आता त्या रविवारचं. तुझ्या बाजूला काय झालं ते तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं ऐक.

मी टेबलाशी बसले, मशीन चालू केलं, एक कवळी हातात घेतली आणि तुझा नंबर लावला. तू उचललास. "हॅलो" म्हणाला नाहीस, शब्दाला जागलास. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि कवळी घासू लागले. आत नुसता तुझा श्वास. मला वाटलं, पाच मिनिटं म्हणजे काय, अशी जातील.

मग तुझ्याकडे नळ सुरू झाला. बंद झाला. कप ठेवल्याचा आवाज आला. मी मशीन जरा हळू केलं. कपात काहीतरी ओतलंस. खुर्ची सरकली. तू प्यायलास. परत खुर्ची, परत नळ, कप विसळलास, पालथा ठेवलास. मी वाट बघत होते. दार वाजेल, कुणीतरी हाक मारेल, शेजारच्या खोलीत कुणी खोकेल, दुसरा कप वाजेल. काही वाजलं नाही. तुझा तो उंच मित्र ज्याला मजेत म्हणत होता, ते हेच. तो एवढ्या घाईने का बोलत होता ते मला तेव्हा कळलं. माझ्या हातातली कवळी मला दिसेनाशी झाली. मी तीन वर्षं समजून चालले होते, की तू तिकडे घोळक्यात आहेस, हसतोयस, आणि मी इथे एकटी घमेली घासतेय. मला रडू आलं बारक्या. पण आवाज केला नाही. ओठ घट्ट धरून बसले. पाच मिनिटं व्हायची होती.

तेवढ्यात आई आली. "कुणाचा फोन गं?" मी बोलू शकत नव्हते, म्हणून हाताने "थांब" केलं. तिने माझे डोळे बघितले, हातात कवळी बघितली, मिटलेलं तोंड बघितलं, आणि तिने काय समजावं? "जीभ चावलीस? मशीनमध्ये बोट गेलं? अगं बोल ना! बोट दाखव!" मी दहा बोटं दाखवली. ती ओरडली, "दहाही?" आणि तिने धावत जाऊन बर्फ आणला आणि माझ्या गालावर दाबला. मी तिला ढकलतेय, ती बर्फ दाबतेय, कवळी खाली पडून टेबलाखाली गेली, ती शोधायला आई वाकली आणि तिथूनच म्हणाली, "हे बघ, तुझे दातसुद्धा पडले!"

तेव्हा तू हसलास.

नाकारू नकोस. आधी नाकातून, मग मोठ्याने, लहानपणी हसायचास तसा, उचक्या देत. तुझं म्हणणं, हसणं म्हणजे बोलणं नव्हे. माझं म्हणणं, अबोल्यात तोंडातून जे बाहेर पडलं ते पडलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्याही म्हणाल्या, जबडा उघडला म्हणजे उघडला. तेव्हा आधी तू. मी त्यानंतर. मी म्हटलं, "हसतोस काय मेल्या? तिथे एकटाच असतोस का रे?"

तू हसायचा थांबलास. आणि "हो" म्हणालास.

मग काहीतरी सांगू लागलास, "ताई, मी रोज संध्याकाळी," आणि पैसे संपले. फोन मुका झाला. पडद्यावर वेळ दिसत होती. पाच मिनिटं होऊन वर थोडी.

आता ते दुसरं कारण. हे मी तुला फोनवर सांगू शकले नाही. घाईत सिम दोनदा माझ्या हातून खाली पडलं, शेवटी तुझं काढून माझं घालायला आईला बोलवावं लागलं. ती बर्फाने ओल्या झालेल्या बोटांनी ते चिमुकलं सिम बसवत होती आणि मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, चालू दे, चालू दे. कामासाठी नाही. गाण्याच्या बाई, दवाखाना, लॅब, काही डोक्यात नव्हतं. तुला त्या "रोज संध्याकाळी"च्या पुढे काय म्हणायचं होतं, एवढंच होतं. आणि मला वाटलं, तू परत फोन करणार नाहीस. करशील तरी कसा? तूच म्हणाला होतास, मी केला तर ही उचलणार नाही.

परकी ओळ आली नाही. आपलं नेटवर्क आलं. आणि आईने हात मागे घ्यायच्या आत तो वाजला.

त्या फोनवर आलेला पहिला फोन. मी तो कधी उचलला, काय म्हटलं, मला आठवत नाही. तू मात्र म्हणालास, "ताई, काही ऐकू येत नाही गं, मशीन चालू आहे का?"

मी मशीन बंद केलं.

तुझी,
ताई